गिन्या, मुंगूस आणि आमचा आवाजबंद डबा

नाही हो, नाही नाही, तुम्ही म्हणताय तसलं ओरडणं नव्हे ते! कोंबडा आरवतो, त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आरवून झालं की तो गप्प, आपण कूस बदलतो, विषय मिटला. कुत्रं भुंकतं, त्याला एक बिस्किट टाकलं की भागतं. पण गिनी कोंबडी? तुम्हाला सांगतो, गंजलेल्या बिजागरीला कोणी पंख लावले आणि वरून तिला संशयी स्वभाव दिला, की जे तयार होईल ना, ती गिनी कोंबडी! अंग बघाल तर काय ऐट, करड्या पिसांवर पांढरे ठिपके, कोणीतरी फुरसतीनं बसून एकेक काढल्यासारखे... आणि वर डोकं बघाल तर कापड संपलं म्हणून शिंप्यानं काम अर्धवट सोडलेलं! टक्कल, निळसर गाल, गालाला लोंबणारे दोन लाल तुकडे, आणि चेहऱ्यावर सदा असा भाव, की आत्ताच कोणीतरी हिचा पाणउतारा केलाय.

आणि आवाज! नर ओरडतो ते 'चक्-चक्-चक्-चक्', म्हणजे थंडीत सुरू न होणारं इंजिन. ते एक वेळ चालेल. पण मादी? मादी ओरडते, 'कुठंऽय! कुठंऽय! कुठंऽय!' अगं काय कुठंय? कोण कुठंय? काही हरवलंय का तुझं? सकाळी उठल्यापासून अंधार पडेपर्यंत परसात एकच चौकशी, 'कुठंऽय! कुठंऽय!' आणि ही एकटीदुकटी नाही, अख्खं टोळकं आहे आमच्याकडे, एकीनं विचारलं की बाकीच्यांना राहवतच नाही.

आणि मी विकतो काय? ऐकू येणं!

हसू नका. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, दुकान म्हणा, दवाखाना म्हणा, कानाची तपासणी करतो आणि श्रवणयंत्रं देतो. माणूस समोर बसवायचा, कानावर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, 'बारीक शिट्टी ऐकू आली की दाबा.' साधं काम, पण त्याला लागते शांतता. आता विचार करा, मी इकडे अगदी नाजूक, मुंगीला शिंक यावी इतकी बारीक शिट्टी सोडतोय, आणि तिकडे परसात कोणीतरी विचारतंय, 'कुठंऽय!' की यांनी दाबलं बटण! 'कुठंऽय!' दाबलं! 'कुठंऽय! कुठंऽय!' टक टक! एका आजोबांच्या शेजारी बँड वाजवला तरी मान हलत नव्हती, त्यांच्या कानाचा आलेख आला विशीतल्या पोराचा. त्यांच्या सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजोबांकडून पैसे खाल्लेत! आणि एक आजी तर हेडफोन काढून मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची शिट्टी राहू द्या, ती आत कोण बाई आहे तिला आधी काय हवंय ते द्या. कधीची शोधतेय बिचारी."

आता तुम्ही विचाराल, गिन्या पाळायला सांगितल्या कोणी? मी? मी कशाला सांगतोय! आमच्या ताईनं आणून टाकल्या. मोठी बहीण, मोठ्या बहिणीला कोण विचारणार? एक दिवस गाडी दारात, डिकी उघडली, आत खोकी, खोक्यांना भोकं, आणि प्रत्येक भोकातून एकेक डोळा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "ताई, हे काय?" ताई म्हणाली, "राखणदार." मी म्हटलं, "कसले राखणदार?" ताई म्हणाली, "बाबांना विचार." आता बाबांना काय विचारणार? बाबांना ऐकू येत नाही!

हो. हेच तर. उभ्या गावाच्या कानांत यंत्रं बसवणाऱ्याचा बाप ठार बहिरा. ठार म्हणजे अगदी ठार नाही, पण आरा गिरणीत उभा जन्म गेला त्यांचा, समोर ओंडका, ओंडक्यात फिरणारं पातं, आणि त्या काळी कानात बोळे घालणं म्हणजे भित्रेपणा. अशा माणसाच्या कानातून उंच, तीक्ष्ण आवाज आधी जातात. ढगांची गडगड कळते, ट्रक कळतो, पण पाखराचा आवाज गेला, फोनची रिंग गेली, सुनेची हाक गेली. किती वेळा म्हटलं, "बाबा, यंत्र घाला." तर म्हणायचे, "काय घालू?" "यंत्र!" "कशाला?" "ऐकू येईल!" "काय?" ... आता बोला! वर एकदा ऐकू आलं तेव्हा म्हणाले, "माझं ऐकायचं ऐकून झालंय."

ते म्हणाले ते आई गेल्यानंतर.

आईच्या कोंबड्या होत्या परसात. कोंबड्या म्हणजे तिचं दुसरं घरच, दुपारी पाटावर बसून त्यांच्याशी बोलायची, कोण अंड्यावर बसलंय, कोण उगीच भाव खातंय, सगळी खबर बाबांना मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगायची, आणि तिचं मात्र बाबांना कळायचं बरं का, कसं ते माझ्या कुठल्याच यंत्राला समजलेलं नाही. आई गेली आणि कोंबड्या बाबांकडे आल्या. बाबा सकाळी खुराडं उघडायचे, दाणे टाकायचे, खुर्ची घेऊन परसात बसायचे. आमच्याशी चार शब्द बोलायचे नाहीत, पण तिथं बसायचे.

आणि एका दुपारी मुंगूस आलं.

मुंगूस तुम्ही पाहिलं असेल, रस्ता ओलांडताना, गोंडस दिसतं, हो ना? गोंडस! तुम्हाला सांगतो, मुंगसाला एक कोंबडी न्यायची असते, पण ते सगळ्यांच्या माना धरून बघतं. खुराड्याला षटकोनी भोकांची पातळ जाळी होती, ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळी आमची ही औषधांच्या दुकानातल्या कामावरून घरी आली, परसात गेली आणि तिथूनच मला हाक मारली, "अहो... इकडे या." तिच्या आवाजावरूनच कळलं. सगळीकडे पिसं. वाचली एकच, ती मानेवर पिसं नसलेली, तांबडी, आईची लाडकी, ती छपराच्या वाशावर जाऊन बसली होती. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पानावरून उठले. आणि त्यानंतरच्या आठवड्यात ताई, डिकी, खोकी, राखणदार!

बरं, राखणदार कसे असावेत? चोर आला की ओरडावं, बरोबर? या कशावर ओरडतात माहितेय? पहिल्या आठवड्यात ओरडल्या शिडीवर. शिडी! परसात वर्षानुवर्षं उभी असलेली शिडी मी आडवी ठेवली, झालं, अख्खं टोळकं तिच्याभोवती जमलं आणि चौकशी सुरू, 'कुठंऽय! कुठंऽय!' बादली पालथी घातली, ओरडल्या. हिनं नवा पिवळा टॉवेल वाळत घातला, तर दुपारभर त्या टॉवेलला घेराव! पोस्टमननं टोपी बदलली, त्याची पत्रं आता कुंपणावरून भिरकावलेली येतात. शेजाऱ्यांच्या गाडीच्या चाकाच्या चकाकत्या झाकणात स्वतःचं तोंड दिसलं, तर त्या तोंडाशी मारामारी, चोचीनं टक टक टक, शेजारी बाहेर येऊन मला म्हणतात, "तुमच्या पाहुण्यांना सांगा, माझी गाडी कुणाचं काही घेऊन पळालेली नाही." मी काय सांगणार? माझं ऐकतंय कोण?

आणि डोकं! डोकं तर काय सांगू... एकदा एक गिनी कुंपणाच्या पलीकडे गेली. फाटक उघडं. सताड उघडं! उडूनच गेली होती, उडून परत येऊ शकत होती, फाटकातून चालत येऊ शकत होती. नाही! बाकीच्या आतून, ही बाहेरून, कुंपणाला धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन्हीकडून एकच बोंब, 'कुठंऽय! कुठंऽय!' अगं ही काय समोर! जाळीतून चोचीला चोच लागतेय तुमची! शेवटी मी समोरचा पेशंट सोडून, गळ्यात हेडफोन तसेच, बाहेर जाऊन हात पसरून तिला फाटकातून आत घातली. आत आल्यावर तिनं काय केलं? माझ्यावर ओरडली.

आणि मी विकतो काय? ऐकू येणं! लोक डोळ्यांत पाणी आणून मला म्हणतात, "तुमच्यामुळे पाखरांचा आवाज ऐकला हो!" मी म्हणतो, "कुठल्या पाखरांचा ते आधी सांगा."

मग मी डबा करून घेतला. आवाजबंद डबा! सुताराला बोलावलं, पुढच्या खोलीत कपाटाएवढी एक खोली, जाड फळ्या, आतून स्पंजाचं अस्तर, बघायला छोटी काच, बर्फाच्या कारखान्याला असतो तसला जाड दरवाजा. आता पेशंट आत, मी बाहेर, शिट्टी म्हणजे शिट्टी, आलेख म्हणजे आलेख. आणि पेशंट नसला की... तुमच्यापासून काय लपवायचं... मी आत! आत जायचं, दरवाजा ओढायचा, 'फुस्स' असा आवाज यायचा आणि जग बंद! काय सुख हो! मी तिथं चहा प्यायला लागलो. पेपर वाचायला लागलो. हीच म्हणाली, "अहो, पाहुणे आले की काचेतून तुम्हालाच बघत बसतात, आता पाटीच लावते, 'काच ठोठावू नये, जनावर घाबरतं.'"

हे सगळं चालू असताना बाबा मजेत. दुपारी परसात खुर्ची टाकून बसलेले, पायाशी गिन्या कोकलतायत, आणि यांच्या चेहऱ्यावर अशी शांती! मला हेवा वाटायचा. खरंच सांगतो, हेवा! मी एवढं शिकलो, परीक्षा दिल्या, कानाचा पडदा न् कानाची हाडं पाठ केली, आणि घरात सुखी कोण? ज्याला ऐकू येत नाही तो!

असं मला वाटत होतं.

मधल्या काळात ती उघड्या मानेची तांबडी खुडूक बसली. म्हणजे अंडी उबवायची हुक्की आली तिला. आणि गिन्या आई म्हणून कशा? बेजबाबदार! गवतात कुठंतरी अंडी टाकायची आणि चौकशा करत हिंडायचं. बाबांनी गवतातून ती अंडी शोधून आणली आणि तांबडीच्या पोटाखाली सरकवली. ती बसली हो! दुसऱ्याची अंडी, पण काय बसली! पाणी प्यायला उठायची ती सुद्धा मागे बघत बघत. बाबा दिवसातून दहादा खुराड्याशी वाकून बघायचे. जेवायला लागले होते. एकदा तर भात परत मागून घेतला, ही आत येऊन मला म्हणाली, "ऐकलंत का? बाबांनी भात मागितला." इतकं काय त्यात? पण तिचा चेहरा बघून मीही चमचा खाली ठेवला.

आणि मग ती दुपार.

ही कामावर गेलेली. पेशंट नाही. बाहेर सकाळपासून आरडाओरडा, का, तर कोणीतरी फाटकाशी पोतं ठेवलं होतं. पोतं! मी म्हटलं, झालं, आज पोत्याची शोकसभा. मी गेलो डब्यात. 'फुस्स.' जग बंद. पेपर उघडला. पहिलीच बातमी वाचतोय तोवर... लागला डोळा.

किती वेळ गेला देव जाणे. एकदम दरवाजा उघडला, असा उघडला की मी खुर्चीसकट हललो. समोर बाबा. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा, पायात एकच चप्पल, आणि बाबा माझ्यावर ओरडतायत, "अरे, ओरडतायत की त्या! मघापासून ओरडतायत! बहिरा झालास का रे तू?"

कोण विचारतंय? बाबा! कोणाला? मला!

मी तोंड उघडलं, पण बाबा वळले आणि पळाले. मी मागे. परसात पोचतो तर काय दृश्य! पोत्याबित्याकडे कोणाचं लक्ष नाही, सगळ्या गिन्या खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात, माना खाली, पंख फुगवलेले, अर्धगोल करून उभ्या, आणि ओरडतायत असं, की शिडीवरचं, टॉवेलवरचं ओरडणं म्हणजे अंगाई वाटावी! आणि मधे, जाळीचा कोपरा उचकटून, मुंगूस. अर्धं आत, अर्धं बाहेर. आत तांबडी. उठली नाही हो ती! अंड्यांवरून उठली नाही! पंख पसरून, पिसं फुलवून, चोच उघडी, तशीच बसलेली. मुंगसाच्या तोंडात तिच्या शेपटीची पिसं, आणि मागून एक गिनी मुंगसाच्या पाठीवर चोच मारतेय, मुंगूस वळलं की ती मागे आणि दुसरी पुढे, वळलं की दुसरी मागे आणि तिसरी पुढे. ज्यांना उघडं फाटक कळत नाही त्या! बाबांनी पत्र्याचा डबा केरसुणीच्या मुठीनं असा बडवला, असा बडवला, आणि तोंडानं आरा गिरणीत ओंडका सुटला की मारायचे तशी आरोळी! मी काय केलं? मी हातातला पेपर मारला. पण लागला!

मुंगसानं पाय रोवले, जाळीतून अंग मागे ओढलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं... आणि गिन्यांच्या पायांमधून, कुंपणाखालून, गवतातून, गेलं. गिन्या त्याच्यामागे कुंपणापर्यंत पळाल्या, आणि तिथं उभ्या राहून विचारायला लागल्या, 'कुठंऽय! कुठंऽय!'

बाबा गुडघ्यावर बसले. जाळीतून हात घातला. तांबडीनं त्यांच्या बोटाला कचकन चावा घेतला. बाबा हसले! "आहे," म्हणाले. "धड आहे. शेपूट गेलं फक्त." पोटाखाली हात घालून बघितलं, "अंडीही आहेत. गरम आहेत." आणि मग ते तिथंच मातीत बसले, मीही बसलो. किती बरं वाटलं सांगू! अंगावरून कोणी तरी भिजलेली गोधडी उचलावी तसं!

आणि मग माझं लक्ष गेलं. बाबांच्या कानामागे. माझ्याच दुकानातलं यंत्र! पेशंटला दाखवायला ठेवतो ते, खणातलं. आणि मी महिनाभर हिच्यावर संशय घेत होतो, की खणातले बारके सेल जातात कुठं!

मी म्हटलं, "बाबा, कधीपासून?"

बाबांनी जाळीचा कोपरा बोटांनी सरळ केला. "गिन्या आल्यापासून."

"मग मी इतकी वर्षं मागे लागलो होतो तेव्हा..."

"त्या दिवशी मी इथंच होतो," बाबा म्हणाले. "याच खुर्चीत. खुराड्याकडे पाठ करून. मुंगसानं सगळ्या मारल्या, तुझ्या आईच्या. ओरडल्या असतीलच ना रे त्या? मला काही ऐकू आलं नाही. मी पेरू खात होतो."

मी मातीत पडलेलं तांबडीचं एक पीस उचललं.

"मग ताईला म्हटलं, सगळ्यात मोठ्यानं ओरडणारं पाखरू आण. तिनं या आणल्या. तरी मला काही कळेना, नुसत्या चोची हलताना दिसायच्या. मग तुझा खण उघडला."

तर त्या चेहऱ्यावरची शांती, जिचा मला हेवा वाटत होता ना? ती ऐकू न येण्याची नव्हती हो! ते ऐकत बसायचे! मी ज्या आवाजाला कंटाळून डब्यात जाऊन दरवाजा ओढायचो, तो आवाज ऐकायला माझा बाप रोज परसात खुर्ची टाकून बसायचा. आणि मी विकतो काय...? जाऊ द्या.

त्याच संध्याकाळी आम्ही कामाला लागलो. ती पातळ जाळी काढून टाकली, बारीक चौकोनांची, वेल्डिंगची जाड जाळी आणली, ज्यातून माझी करंगळी जात नाही. बाबा सांगतायत, मी करतोय. "खाली जमिनीवर संपवू नकोस, मुंगूस भिंतीला चिकटून उकरतं. जाळी बाहेरच्या बाजूला वळव, पदरासारखी, वर माती घाल, दगड ठेव. उकरायला लागलं की पंजा जाळीवरच." मी हळूच विचारलं, अगदी हळू, "दरवाज्याला दुहेरी कडी करू का?" आणि बाबा पाठमोरे असताना म्हणाले, "कर." पाठमोरे! मला हातोडी खाली ठेवावी लागली. माझ्या लहानपणापासून बाबांशी बोलायचं म्हणजे समोर जाऊन, तोंड दाखवून, ओरडून. पाठमोऱ्या बाबांनी माझं ऐकल्याचं मला आठवतच नाही.

ही घरी आली, आम्हा दोघांना चिखलात बघून म्हणाली, "काय झालं?" तर बाबाच म्हणाले, "काही नाही गं, तुझा नवरा झोपला होता."

मुंगूस परत आलं नाही असं नाही, येतं, पदरावर उकरतं, गिन्या बोंबलतात, ते जातं. पिल्लं निघाली, तांबडी त्यांना घेऊन हिंडते, तिला वाटतं आपलीच. आता खरं सांगायचं तर सगळं चांगलं झालंय, मी तक्रार करत नाहीये, कोण म्हणतं मी तक्रार करतोय? फक्त एकच... कालचीच गोष्ट. जेवताना मी बाबांना सांगत होतो, की डब्याचा दरवाजा तुम्ही त्या दिवशी असा ओढलात की त्याचं रबर निघालंय, आता आतसुद्धा 'कुठंऽय' ऐकू येतं, धंदा कसा करायचा, डोकं कसं शाबूत ठेवायचं, माणसाला घरात थोडीतरी... आणि बाबांनी घास चावता चावता बोट कानामागे नेलं. टिक्. यंत्र बंद! माझ्या तोंडावर! माझंच यंत्र! पुढे खिडकीतून गिन्यांच्या माना वर झालेल्या दिसल्या, की बोट परत वर. टिक्. चालू! दोन मिनिटं ऐकलं, "पोस्टमन आहे," म्हणाले, आणि परत टिक्.

मी हिला म्हटलं, "बघितलंस? त्यांचं ऐकतात, माझं नाही!"

ही भात वाढत म्हणाली, "त्या निदान थांबतात."